अळीला सवय लागत नाही

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांना म्हणू द्या. मला सरांचा राग येतो. ते होते तेव्हाही येत होता, आणि आता ते नाहीत तर जास्तच येतो. होते तेव्हा निदान समोर जाऊन चार शब्द ऐकवता आले असते. ते मी कधी ऐकवले नाहीत, त्याचा राग आणखी वेगळा.

सर आमच्या हायस्कूलला विज्ञान शिकवायचे. आमचं गाव भोकरदन तालुक्यातलं, केदारखेड्याच्या अलीकडच्या फाट्यावरून आत. काळी जमीन, कपाशी आणि मका, तिसरं पीक असलं तर नावाला. सर गावचेच, बौद्ध घरातले. गावाच्या खालच्या अंगाला त्यांचं घर आणि नाल्याच्या कडेला दोन एकर वावर. दिसायला काही खास नाही. बुटका बांधा, जाड चष्मा, बाराही महिने पांढरा शर्ट. शर्टाला मात्र ते शिंप्याकडून मुद्दाम दोन खिसे लावून घ्यायचे. उजव्या खिशात पेन आणि डाव्या खिशात अळ्या.

थट्टा नाही, खरंच अळ्या. कपाशीचं फूल कधीकधी उमलत नाही, पाकळ्या आतून विणल्यासारख्या चिकटून बसतात. आम्ही त्याला डोमकळी म्हणतो. आत गुलाबी बोंडअळी बसलेली असते. रस्त्यानं जाताना सरांना कुणाच्याही वावरात डोमकळी दिसली की हा माणूस चपला हातात घेऊन आत शिरायचा, ती तोडायचा आणि खिशात टाकायचा. वावराच्या मालकाला विचारायची पद्धतच नव्हती. एकदा भोकरदनच्या एसटीत खिशातून एक अळी निघाली आणि शेजारच्या बाईच्या पदरावर चढली. बाई किंचाळली, कंडक्टर धावत आला.

"मास्तर, हे काय घेऊन फिरून राह्यले तुम्ही?"

"तिकीट फाडता का तिचं?" सर म्हणाले. "फुकट तर तुमच्या सगळ्यांच्या वावरात खाऊन राह्यली. तिथं कोणी वरडत न्हाई."

मग हसनाबाद येईपर्यंत त्यांनी सगळ्या गाडीला बोंडअळी सांगितली. लोक खिडकीबाहेर बघत होते. मी मागच्या सीटवर तोंड लपवून बसलो होतो, कारण सगळ्यांना माहीत होतं मी यांचा लाडका विद्यार्थी.

फवारणीच्या डब्याला कुणी औषध म्हटलं की ते चिडायचे. "औषध आजाऱ्याला देतात. हे विष हाय, विष म्हणा. नाव बराबर घेतलं तर हात जरा बेतानं चालंल." पण त्यांचा खरा वैरी होता एकच शब्द, सवय. कुणी म्हणालं, अळीला आता औषधाची सवय झाली, की संपलं. समोर पोरगं असो, पाव्हणा असो, नाहीतर तालुक्याचा साहेब असो.

ते का चिडायचे हे कळायला त्यांचा एक तास सांगावा लागेल. दहावीला उत्क्रांतीचा धडा होता. बाकीच्या शाळांत तो दोन तासांत उरकायचे. काही पालक यायचे, म्हणायचे, तुम्ही आमच्या पोराला माकडाची औलाद म्हणता. सर म्हणायचे, "माकडाचं राहू द्या, ते लई जुनं झालं. तुमच्या वावरात चला, या साली झालेलं दाखवतो." आणि आम्हाला खरोखरच वावरात न्यायचे. भर दुपारी नांगरलेल्या काळ्या रानात त्यांनी दोन मुठी दाणे उधळले, एक मूठ लाल तूर आणि एक मूठ काळा उडीद.

"तुम्ही कोंबड्या. एक मिनिट. येचा!"

आम्ही चाळीस पोरं-पोरी ढेकळांत वाकून वाकून वेचत सुटलो. मिनिट झालं. मोजले तर हातात जवळपास सगळी तूर. उडीद मातीतच राहिलेला.

"उडीद हुशार व्हता का?"

"न्हाई सर."

"त्याला लपायची सवय लागली का? तुम्हाला भिऊन काळा पडला का?"

"न्हाई सर. काळा व्हताच."

"मंग?"

"दिसला न्हाई म्हणून राह्यला."

"हं! अन् सगळीच तूर असती तर? एक दाणा राह्यला असता का? न्हाई. आधीपासून काहीतरी निराळं पाहिजे. मंग निवड हुती. आता हे उरलेले पेरले तर पुढच्या साली काय उगवंल?"

"उडीद!"

"झालं. एवढंच हाय. परीक्षेत नैसर्गिक निवड लिहा. घरी गेल्यावर म्हणा, उरलेल्याची पोरं." आणि मग त्यांचं नेहमीचं वाक्य, "निसर्ग कुणालाच पास करत न्हाई लेकरांनो. तो फक्त नापास करतो. जे राह्यलं त्याला आपण उगाच हुशार म्हणतो."

इतकं सोपं करून सांगितलेलं. आणि चाचणीत चाळीसपैकी एकोणचाळीस पोरांनी काय लिहिलं? अळीला औषधाची सवय होते व ती मरत नाही. एकोणचाळीस! सरांनी तांबड्या पेनानं एकोणचाळीस पेपर असे फाडले, म्हणजे खरंच कागद फाटेपर्यंत काट मारली. मला पाचपैकी पाच दिले आणि माझा पेपर वर्गात वाचून दाखवला. त्या दिवसापासून मी त्यांचा झालो. मला कुणी विचारलं नव्हतं.

पुढं मी शेती बघायला लागल्यावर हसनाबादच्या एका लग्नात मीच त्यांना मोटरसायकलवर घेऊन गेलो होतो. वरण-बट्टीची पंगत बसली होती, तूप फिरत होतं. शेजारच्या पानावर नवरीचे मामा, बी-बियाणांचं दुकान असलेले. ते सहज कुणाला तरी म्हणाले, "आता त्या औषधाचं काय खरं न्हाई, अळीला सवय झाली त्याची. नवीन आलंय, या एकदा दुकानात."

सरांनी हातातली बट्टी पानात ठेवली. मी मनात म्हटलं, मेलो.

"पाव्हणं, तुम्हाला तंबाखूची सवय हाय ना?"

"हाय की."

"तुमचं पोरगं आईच्या पोटातून तंबाखू मळत आलं का?"

सगळी पंगत थांबली. मामा लाल झाले.

"न्हाई ना? सवय ज्याची त्याच्यासंगं जाते. पोराला वारसा येतो तो रक्तातला. मंग अळीची सवय तिच्या पोरांत कशी आली? आली न्हाई. तुम्ही फवारा मारला, ज्या मरायच्या त्या मेल्या. एखादी आधीपासूनच निराळी व्हती, ती उरली. वावर रिकामं, खायला सगळं तिलाच. तिची पोरं तिच्यासारखी. पुढच्या साली तुम्ही परत तेच विष मारलं. म्हणजे निवडून निवडून कोणती अळी पेरून राह्यले तुम्ही?"

"मास्तर, जेवा," नवरदेवाचा बाप हात जोडून म्हणाला. सर उठले. अर्ध्या पानावरून, तुपात भिजलेली बट्टी टाकून. मीही उठलो, कारण गाडी माझी होती. तीस किलोमीटर उपाशी आलो. सगळ्या वाटेत ते मागं बसून बोलत होते आणि मी दात खात होतो. बरोबर बोलणाऱ्या माणसाला पंगतीत बसवू नये, असं माझं त्या दिवशी पक्कं मत झालं.

आता कपाशीचं सांगतो. बीटी कपाशी म्हणजे झाडाच्या अंगातच विष. अळीनं बोंड कुरतडलं की खलास. पहिली काही वर्षं खलास झालीही. त्या बियाणाच्या थैलीबरोबर एक बारकी पुडी यायची, साध्या बिनबीटी कपाशीची. वावराच्या कडेनं चार ओळी तिच्या लावायच्या, असं वर छापलेलं असायचं. आमच्या शिवारात ती पुडी कोण लावणार? कुणी उकिरड्यावर फेकायचे, कुणी न उगवलेल्या जागी तिनं नांग्या भरायचे. सर दारोदार फिरून ती पुडी लावा म्हणायचे.

"ती अळ्यांसाठी हाय. त्या चार ओळी खाऊ द्या त्यांना."

"अळ्या पाळू का मास्तर?"

"पाळा. विषानं मरणाऱ्या साध्या अळ्या जिवंत राह्यल्या पाहिजेत. त्यांचे पतंग अन् त्या न मरणाऱ्या एखाद्या अळीचा पतंग, यांची सोयरीक झाली पाहिजे. मंग पोरं परत मरणारी निपजतील."

गावाला महिनाभर हसायला पुरलं. मास्तर अळ्यांची लग्नं लावतो. त्यांच्या वावराच्या कडेच्या ओळींना लोक अळ्यांचं अन्नछत्र म्हणायला लागले, आणि त्यांना अळीमास्तर. ही नावं ठेवणाऱ्यांत मीही होतो, पारावर, चारचौघांत. त्यांच्यासमोर 'हो सर, बरोबर सर'.

मग एका वर्षी जे व्हायचं ते झालं. बीटी पचवणारी अळी आली. बोंड वरून हिरवंगार, टपोरं, आणि फोडलं की आत कापसाच्या जागी किडकी पिवळी कवडी. आमच्या आयाबाया वेचायला गेल्या आणि मोकळ्या ओट्या घेऊन परत आल्या. फवाऱ्याचा उपयोग नव्हता. अळी बोंडाच्या आत बसलेली, फवारा वरून.

तेव्हा पहिल्यांदा गाव सरांच्या दाराशी गेलं. सर म्हणाले, एकच वाट राहिली. आमच्याकडे काय करतात, डिसेंबरात कपाशी संपली तरी उपटत नाहीत. विहिरीला पाणी असलं की परत पाणी देतात, परत बोंडं धरतात, मार्चपर्यंत वेचतात. त्याला फरदड म्हणतात. आयतं, बिनखर्च्याचं पीक. "ती फरदड म्हणजे अळीचा उन्हाळ्याचा दाणागोटा," सर म्हणाले. "सगळ्या शिवारानं डिसेंबर सरायच्या आत कपाशी उपटा. एक झाड ठेवू नका. पुढच्या पेरणीपर्यंत तिला काही मिळू नये. तिला विष पचतं, उपास पचत न्हाई. पण सगळ्यांनी. एकानं जरी ठेवली तर ती तिथं उरंल, अन् तिथून परत सगळीकडं जाईल."

सगळ्यांनी हो म्हटलं. सर ऐकेनात. "तुम्ही सही करता अन् विसरता. बेल-भंडारा उचला."

आता हा माणूस देव न मानणारा. मारुतीच्या पाराखाली उभा राहिला, वर चढला नाही, आणि म्हणाला, "मी बेल उचलणार न्हाई, माझा विश्वास न्हाई. पण तुमचा हाय, अन् मला तुमची कपाशी उपटून पाहिजे." लोक हसले, पण एकेकानं पुढं होऊन बेलाचं पान आणि भंडारा हातात घेऊन शपथ घेतली. मीही घेतली. सर खाली उभे राहून प्रत्येकाचा हात बघत होते. त्यांचे डोळे भरून आले होते. मी त्यांना रडताना त्या एकाच वेळी पाहिलं.

डिसेंबर आला. ट्रॅक्टर फिरले, उपटलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर लागले, शिवार मोकळं झालं. सर सायकलवरून फिरायचे आणि दिसेल त्याला हात करायचे, जणू पोरीचं लग्न ठरलंय.

माझ्या विहिरीला त्या वर्षी भरपूर पाणी होतं. जानेवारीत कापसाचा भाव चढेल असं सगळे म्हणत होते. विहिरीच्या मागं अर्धा एकर, पुढून रब्बीची मका डोक्याएवढी. रस्त्यावरून काहीही दिसत नव्हतं. मी विचार केला, एवढ्या मोठ्या शिवारात माझ्या अर्ध्या एकरानं काय होतंय? बाकी सगळ्यांनी तर उपटलीच आहे. अळी कमी होणारच, आणि मला आयती फरदड मिळेल.

मी हे अडाणीपणानं केलं असतं तर गोष्ट वेगळी. या गावात सरांचं म्हणणं पुरतं कळलेला मी एकटा होतो. पाचपैकी पाच! त्या अर्ध्या एकरात कोणती अळी उरेल, तिची पोरं कशी असतील, सगळं मला माहीत होतं. माहीत असून मी पाणी दिलं. स्वतःला काय शिव्या द्याव्यात हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

फेब्रुवारीत एका सकाळी मी सरी फोडून पाणी देत होतो. मका खसखसली आणि सर बाहेर आले. चपला हातात. माझ्याकडं बघितलंही नाही. झाडाशी गेले, एक हिरवं बोंड तोडलं, दोन्ही अंगठ्यांनी फोडलं. आत अळी होती, चांगली वाढलेली, गुलाबी.

"किती ठेवली?"

"अर्धा एकर."

"तुला पाचपैकी पाच व्हते ना रे?"

पाणी सरी सोडून भलतीकडं वाहत होतं, तेही वळवायचं सुचेना.

"सर, उद्या उपटतो."

"वेच आता. फायदा झाला तुझा." ते रागावले असते तर बरं झालं असतं. "ज्यानं उपटली त्याचं नुकसान, ज्यानं ठेवली त्याचा फायदा. मंग पुढच्या साली कोणता माणूस उरंल? मी अळीचा हिशेब केला, माणसाचा केलाच न्हाई." बोंड त्यांनी डाव्या खिशात टाकलं आणि आले तसे मकेतून निघून गेले.

त्या सप्टेंबरात परत डोमकळ्या. माझ्या विहिरीकडनं सुरू झाल्या असाव्यात असं मी मनात धरून चाललो होतो. दसऱ्याच्या आधी ग्रामसभा झाली आणि सगळं गाव सरांवर तुटून पडलं. सरपंच उभे राहून बोटं नाचवत म्हणाले, "मास्तर, तुमच्या नादानं आम्ही सोन्यासारखी कपाशी उपटली. बेल उचलला. मंग अळी कुठून आली? आभाळातून पडली?"

"पुस्तकातून आली," मागून कोणी तरी ओरडलं. हशा.

मी त्यांच्यापासून तीन हातांवर बसलो होतो. एक वाक्य पुरलं असतं. मला वाटलं, आता ते माझ्याकडं बोट दाखवतील. दाखवायलाच पाहिजे होतं! लग्नाच्या पंगतीत एका शब्दासाठी उपाशी उठणारा माणूस, तो इथं गप्प बसेल?

सर उठले. चष्मा पुसला. "माझा अंदाज चुकला," म्हणाले, आणि बसले.

बाहेर पडल्यावर मी त्यांना गाठलं. मी त्यांच्यावरच खेकसलो, काय बुद्धी म्हणावी. "सर, माझं नाव का न्हाई घेतलं?"

"घेतलं असतं तर भांडण अळीवरून सुरू झालं असतं. पुढं कुठं गेलं असतं, तुला माहीत हाय. मी कोणत्या घरचा, तू कोणत्या घरचा, इथवर आलं असतं. अळीचं राह्यलं असतं बाजूला."

मला माहीत होतं. पण मी तरी उठून सांगू शकत होतो की! मला कुणाची भीती होती? माझ्या घरावर कोण येणार होतं? मी सांगितलं नाही, त्या वर्षी नाही आणि त्यानंतरही नाही. सरांनी मला वाचवलं, एवढ्यावर मी समाधान मानून घेतलं, आणि वर त्यांचाच राग धरला.

त्यानंतर सर निवृत्त झाले. पांढरा शर्ट तोच, डावा खिसा रिकामा. एकदा केदारखेड्याच्या फाट्यावर आम्ही दोघं गाडीची वाट बघत होतो. बाकावर एक जण दुसऱ्याला सांगत होता, "कितीबी मारा, अळीला आता सवय झालीया औषधाची." मी सरांकडं बघितलं. मला वाटलं आता फुटणार. खरं सांगतो, मी मनातून वाट बघत होतो. फुटा सर, शिव्या द्या, तंबाखूचं विचारा.

सर त्या माणसाकडं बघून म्हणाले, "हो, झाली असंल."

च्यायला! माझ्या अंगाचा असा संताप झाला की मी आलेली गाडी सोडून दिली. गावानं हा माणूस कधी मारला असं कुणी विचारलं तर मी तो फाटा दाखवीन. डॉक्टरच्या कागदावर हृदयविकार आहे, ते नंतरचं.

ते गेले या जानेवारीत. गावानं शाळेच्या पटांगणात शोकसभा ठेवली. मंडप, फोटोला हार, पुढं खुर्चीवर काकू, सरांच्या पत्नी, पांढरं लुगडं नेसलेल्या. एकेक जण उठून बोलत होता. देवमाणूस होते. शेतकऱ्यांचे कैवारी होते. त्यांना अळीमास्तर म्हणणारे आता 'आदरणीय गुरुवर्य' म्हणत होते. मंडपाच्या कनातीला फट होती आणि तिच्यातून शाळेमागचं वावर दिसत होतं. जानेवारीत कपाशी हिरवीगार उभी, सरीतून पाणी चाललेलं.

शेवटी सरपंच उठले. "सरांनी आपल्याला काय शिकवलं?" त्यांनी माईक तोंडाशी घेतला. "अळीला औषधाची सवय होते, म्हणून औषध बदलून बदलून मारा. हाच त्यांचा संदेश!" टाळ्या पडल्या.

मी उभा राहिलो ते मला कळलंही नाही. "सवय न्हाई लागत!" मी ओरडलो. "आयुष्यभर तो माणूस हेच बोंबलत होता, अळीला सवय न्हाई लागत! अन् त्यांचा अंदाजबी चुकला नव्हता. बेल उचलून मी फरदड ठेवली व्हती. विहिरीमागं, अर्धा एकर. अळी माझ्या वावरातून आली. सरांनी डोळ्यानं बघितलं अन् गावात सांगितलं न्हाई."

मला वाटलं आता दगड येतील. यावेत असंच वाटत होतं.

तात्या, आमच्या भावकीतले, पंच्याहत्तरीचे, पुढच्या रांगेतून मागं वळले. "तुझी एकट्याची व्हय?" म्हणाले. "मळ्यात माझ्या बी वीस ओळी व्हत्या."

"आमच्या गोठ्यामागं व्हती थोडी," दुसरा म्हणाला.

"थोडी व्हय रं? पाच पोती काढली तू!" तिसरा म्हणाला, आणि त्याच्या शेजारच्यानं लगेच त्या तिसऱ्याचीही उघड केली. आणि लोक हसले. सरांच्या फोटोसमोर, काकूंच्या देखत, लग्नात विहिणीच्या फजितीवर हसावं तसे खो खो हसले. ज्यानं त्यानं आपापली लपवलेली, आणि प्रत्येकाला वाटलेलं की बाकीच्यांनी उपटलीय. माझ्या एकट्याच्या पापाचं ओझं मी इतकी वर्षं वाहिलं, आणि इथं तर त्याची जत्रा होती.

काकू हसत नव्हत्या. त्या समोर बघत होत्या.

सरपंचांनी घाईघाईनं माईक ओढला. "चला, चला. दोन मिनिटं शांत उभं राहून श्रद्धांजली वाहू. कुणी बोलायचं न्हाई."

सगळे उठले. माना खाली. एकदम शांत. आणि माझ्या डोक्यात आलं की आता दोन मिनिटं यांच्यातला एकही माणूस मला उत्तर देऊ शकत नाही.

"माझी विहिरीमागं, अर्धा एकर," मी मोठ्यानं म्हटलं. "तात्याच्या मळ्यात वीस ओळी. गोठ्यामागं यांची, पाच पोती निघाली. ती पोती मोजणाऱ्याचीबी, शेजाऱ्यानं आता सांगितली ती." नाव घेतलं की एकेकाची मान आणखी खाली जात होती. तात्यांनी डोळे वटारले, पण तोंड उघडता येत नव्हतं. माझ्याजवळची नावं चारच होती. संपली. मी थांबलो.

"पाणंदीकडचे दोघं राह्यले," काकू म्हणाल्या.

त्या खुर्चीवरून उठल्या नव्हत्या. आवाज चढवला नव्हता. "तुरीच्या आड व्हती त्यांची. धाकट्याची जास्त. वरच्या आळीतल्या अण्णाची उसामागं, एक एकर. देवळामागच्या वावरात आठ ओळी, पुजाऱ्याच्या. नाल्याच्या पलीकडं तिघा भावांची, बांधाला लागून."

त्यांना सगळी पाठ होती. त्या फेब्रुवारीत सर फक्त माझ्याच वावरात आले नव्हते. सगळं शिवार पायी पालथं घालून, रोज घरी येऊन या बाईला सांगत होते. आणि मग दसऱ्याच्या आधी, त्याच सगळ्यांच्या मधोमध उभे राहून म्हणाले होते, माझा अंदाज चुकला.

काकू सांगत होत्या, कुणाची, कुठं, कशाच्या आड. घरं संपत नव्हती. दोन मिनिटं कधीच होऊन गेली होती. पण बसा म्हणायचं काम सरपंचांचं होतं, आणि त्यांचं नाव अजून यायचं होतं.